पंप न पडल्याचा दाखला

हरिचंद्र सोनावणे यांच्या पत्नी चांगुणाबाई नऊ वर्षांत एकोणीस वेळा आजारी पडल्या, आणि एकोणीसही वेळा इंग्रजीत पडल्या. मराठीत त्यांना साधं पडसंही झालं नव्हतं. हरिचंद्र अंबरनाथच्या एका रंगाच्या कंपनीत डिस्पॅच क्लार्क होते. मेहुण्याचा साखरपुडा असो, मुलीच्या शाळेचं गॅदरिंग असो किंवा नुसताच सोमवारचा कंटाळा असो, ते अर्जात लिहीत, ‘माय वाइफ फेल इल’, आणि हेडक्लार्क दौलतराव खाली सही ठोकत. चांगुणाबाईंना आपल्या या आजारांचा पत्ताही नव्हता.

एखाद्या साध्या माणसाने यातून एवढाच अर्थ काढला असता की दौलतराव अर्ज वाचत नाहीत. हरिचंद्रांनी काढलेला अर्थ असा, की आपलं इंग्रजी बिनचूक आहे. त्यावरून त्यांनी एक शास्त्रही बसवलं होतं. फेल म्हणजे पडली, इल म्हणजे आजारी. आजारी पडली! साहेबाच्या देशातही माणूस आजारी पडतोच, आजारी चढत नाही. पुढे डिक्शनरीत त्यांना ‘फेल शॉर्ट’ सापडलं. शॉर्ट म्हणजे कमी. कमी पडलं! दोन ठिकाणी तंतोतंत जुळल्यावर तिसरीकडे बघायची गरज त्यांना वाटली नाही. इंग्रजीचं भूतकाळी क्रियापद घ्यायचं, त्याला विशेषण जोडायचं आणि मराठीच्या मापाने शिवायचं, झालं काम. प्रमोशनच्या परीक्षेनंतर एका ऑफिसरने पेपर कसा गेला म्हणून इंग्रजीत विचारलं, तेव्हा जड गेला हे सांगण्यासाठी ते म्हणाले होते, ‘पेपर वेंट हेवी, सर.’ ऑफिसरने पेपरचा गठ्ठा हातात तोलून पाहिला होता. प्रमोशन मिळालं नाही, पण त्याचा संबंध त्यांनी इंग्रजीशी कधी जोडला नाही.

तर १९८९च्या एप्रिल महिन्यात, बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये, त्यांच्या बारा बिऱ्हाडांच्या इमारतीचा पंप बंद पडला. खालची टाकी भरलेली, गच्चीवरची कोरडी, आणि जिन्याखाली पंप ढिम्म. पंपाची गॅरंटी एक वर्षाची होती आणि त्यातले अकरा महिने उलटले होते. सोसायटीचे चेअरमन शंकरराव रेल्वेच्या मालधक्क्यावरून रिटायर झालेले, त्यामुळे कशाचीही चौकशी बसवण्यात त्यांचा हातखंडा. ते हरिचंद्रांना घेऊन उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमध्ये, जिथून पंप घेतला होता त्या टेकचंदच्या दुकानात गेले.

“साईं, माल मैंने बेचा, गॅरंटी कंपनीने दी,” टेकचंद म्हणाला. “मुंबईला कंपनीच्या ऑफिसला लेटर टाका. पण इंग्लिशमध्ये. मराठी लेटर वो लोग बाजूला ठेवतात, बाद में देखेंगे म्हणून. आणि वो बाद में कधी येत नाही. महिना संपला की गॅरंटी खलास.”

शंकररावांनी हरिचंद्रांकडे पाहिलं. टेकचंदनेही पाहिलं. हरिचंद्रांनी खिशाचं पेन चाचपलं आणि म्हणाले, “आठवड्यात माणूस हजर होईल.”

तोवर सोसायटीने पाइपने थेट गच्चीवरची टाकी भरून देणारा चंदरचा टँकर लावला. चंदर जवळच्या गावचा आगरी गडी. टँकरवर त्याचा जीव, रोज सकाळी त्याला हार घालायचा.

हरिचंद्र रविवारी पत्राला बसले. घरात मुलीला आवाज करायला बंदी, रेडिओ बंद. चांगुणाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, “अहो, एवढं काय लिहायचंय त्यात? पंप फेल गेला, माणूस पाठवा.”

“फेल परीक्षेत जातात, चांगुणा. पंप काय परीक्षेला बसला होता?”

“मग बसलाय तरी कशाला जिन्याखाली?”

चांगुणाबाई मुरबाडकडच्या, शाळा चौथीपर्यंत. त्यांच्याशी व्याकरणावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. हरिचंद्रांनी शास्त्र कामाला लावलं. पंप बंद पडला: ‘द पंप सडनली फेल क्लोज्ड.’ पाणी कमी पडलं: ‘वॉटर फेल शॉर्ट.’ टँकर महाग पडला: ‘टँकर फेल कॉस्टली.’ तीन वाक्यं, तिन्हींत पडझड एकसारखी, वाचायला कशी भारदस्त वाटत होती! अंबरनाथ स्टेशनबाहेरच्या टायपिस्टने ‘क्लोज्ड’पाशी बोटं थांबवून वर पाहिलं. “लिहिलंय तसं मारा,” हरिचंद्र म्हणाले. त्याने मारलं.

आठव्या दिवशी उत्तर आलं. शंकररावांनी ते जिन्यात सगळ्यांना जमवून हरिचंद्रांना वाचायला लावलं, आणि हरिचंद्रांनी मोठ्या आवाजात मराठी करत वाचायला सुरुवात केली. आवाज दुसऱ्या वाक्यापासून लहान होत गेला.

‘आपला पंप पडल्याचे वाचून खेद झाला. त्याबरोबर एक महागडा टँकरही पडल्याचे आपण कळवले आहे. पंपावर टँकर पडला की टँकरवर पंप, हे पत्रावरून स्पष्ट होत नाही. दोन्ही परिस्थितींत गॅरंटी लागू होत नाही.’

शंकररावांनी पत्र ओढून घेऊन कंपनीचा शिक्का तपासला.

“टँकर कधी पडला?” शंकररावांनी विचारलं.

“पडला नाही हो. महाग पडला.”

“महाग पडला की स्वस्त पडला ते नंतर. पडला कधी?”

तिसऱ्या मजल्यावरच्या बनूबाई म्हणाल्या, “तरी मंगळवारी धाडकन आवाज आलाच होता. मी म्हटलं मांजर असेल.”

कॅम्प तीनला जीन्स कटिंगच्या कारखान्यात काम करणारा रघु भिंतीला टेकून उभा होता. त्याला या प्रकरणात रस आला. “काका, टेन्शन नहीं लेने का. आपण डायरेक्ट ऑफिसमध्ये जाऊन राडा करू.”

“तू थांब,” शंकरराव म्हणाले. “पंपाच्या खोलीची चावी गेल्या महिन्यात कोणाकडे होती? तुझ्याकडे. पंप पाडला कोणी?”

पुढचा पाऊण तास चौकशी चालली. पंप सिमेंटच्या ओट्याला चार बोल्टांनी जखडलेला, ओटा जमिनीपासून वीतभर उंच. तो पडून पडून पडणार कुठे, हा प्रश्न हरिचंद्रांनी तीनदा मांडला, पण कंपनीचं छापील कागदावरचं पत्र एका बाजूला आणि हरिचंद्रांचं तोंड दुसऱ्या बाजूला, असा सामना होता. रघुने शेवटी चिडून जाहीर केलं की त्याने काहीही पाडलेलं नाही, आणि यापुढे सोसायटीच्या कुठल्याही वस्तूला तो हात लावणार नाही.

दुसऱ्या दिवशी बातमी कात्रपभर झाली. टँकर उलटल्याची जागा बघायला बाजूच्या इमारतींतली माणसं येऊन गेली. एकाने तर कठडा कुठे तुटला होता तेही दाखवलं. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी चंदर आला, तो टँकर न आणता.

“सोनावणे कोन?” त्याने खालूनच हाक दिली. “माजा टँकर कवा परला? आं? मना सांग, कवा परला?”

“चंदरशेठ, ते इंग्रजीत होतं,” हरिचंद्र गॅलरीतून म्हणाले.

“मंग विंग्रजीत तरी कवा परला? बारा वर्सांत येक पतरा चेमटला नाय माजा! चार गिऱ्हाइकं फोन करून इचारतान, टँकर ठीक हाय ना? तुमचं पानी आता तुमीच भरा.”

तो गेला आणि पाणीही गेलं. भर उन्हाळ्यात बदलापुरात रिकामा टँकर दुसरा कोणाचा मिळायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. राहिली ती खालची टाकी आणि मागच्या रस्त्यापलीकडची विहीर. टाकीत आता पाणी तासभरच यायचं, ते बारा घरांना घरटी हंडाभर मिळायचं. बाकीचं विहिरीवरून. आणि सगळं जिन्याने वर. बायकांनी पदर खोचले. जिन्यात हरिचंद्र दिसले की त्यांचं बोलणं थांबत असे, आणि ते वर गेले की पुन्हा सुरू होत असे.

हरिचंद्रांच्या जिव्हारी लागलं, पण डगमगतील तर ते सोनावणे कसले! पंप पडला नाही एवढं सिद्ध झालं की प्रश्न मिटला, असा त्यांनी विचार केला आणि त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकून वॉर्ड ऑफिस गाठलं. त्यांना दाखला हवा होता, पंप न पडल्याचा.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहिला. “पडझडीचा दाखला मिळतो,” तो म्हणाला. “पण त्याला काहीतरी पडलेलं लागतं. घर, भिंत, झाड.”

“आमचं काहीच पडलं नाही.”

“मग दाखला कशाचा?”

“न पडल्याचा.”

“अहो साहेब, या वॉर्डात न पडलेल्या लाखो वस्तू आहेत. प्रत्येकाने दाखला मागितला तर? त्याचा फॉर्मच नाही.” मग त्याला जरा दया आली असावी. “असं करा, एखादी भिंत पाडा. पंचनाम्यात लिहू, भिंत पडली, पंप मात्र शाबूत.”

हरिचंद्रांनी हा प्रस्ताव शंकररावांच्या कानावर घालायचा नाही असं ठरवलं. शंकररावांनी तो मान्य केला असता अशी त्यांना भीती होती.

परतताना स्टेशनबाहेरच्या फूटपाथवर त्यांना इंग्रजी वाक्प्रचारांचं एक पिवळं चोपडं मिळालं. त्यात नेमके हेच जोड दिलेले होते. दूध ‘वेंट बॅड’. स्वप्न ‘केम ट्रू’. स्क्रू ‘केम लूज’. विहीर ‘रॅन ड्राय’. हरिचंद्र रिक्षात बसून वाचत होते आणि त्यांचं शास्त्र पानागणिक हादरत होतं. आपल्याकडे दूध नासतं, साहेबाचं दूध जातं. आपलं स्वप्न खरं होतं, त्याचं खरं होऊन येतं. आणि विहीर चक्क पळते! आपल्या विहिरी आटतात, पण निदान जागेवर आटतात. शेअर रिक्षातल्या शेजारच्या माणसाला त्यांनी हे दाखवलं. तो म्हणाला, “अंग्रेज लोग है, कुछ भी करेगा.”

पण हरिचंद्र पटकन सावरणारे होते. मराठीच्या मापाने इंग्रजी शिवायचं नाही, आता तयार कपडा घ्यायचा. विहिरीला पाणी नसेल तर ‘रॅन ड्राय’. आमच्या पंपालाही पाणी येत नाही. दुसरं पत्र गेलं: ‘द पंप डिड नॉट फॉल. द पंप रॅन ड्राय.’ पंप पडला नाही, पंप कोरडा पडला. या वेळी टायपिस्टनेही मान डोलावली. वाक्य पुस्तकातलं होतं.

उत्तर पुन्हा आठव्या दिवशी आलं. या वेळी हरिचंद्रांनी ते आधी घरात उघडलं.

‘पाण्याशिवाय कोरडा पंप चालवल्यास कलम सातनुसार गॅरंटी संपते. पहिल्या पत्रात आपण पंप पाडल्याचे आणि दुसऱ्यात तो कोरडा चालवल्याचे कळवले आहे. आपल्या सोसायटीने पंपाला आणखी काही केले असल्यास तेही कळवावे.’

गॅरंटीचे आठ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणाबाई विहिरीवरून तिसरी खेप आणत होत्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांच्या कमरेत सणक गेली. हंडा त्यांनी सांडू दिला नाही, तसाच टेकवला आणि शेजारीच पायरीवर बसल्या. त्यांना उठवेना. बनूबाई आणि हरिचंद्रांनी धरून घरात आणून निजवलं. डॉक्टरांनी सांगितलं, आठ दिवस पाठ टेकून पडून राहायचं, वजन उचलायचं नाही. चांगुणाबाईंचा चेहरा पांढरा पडला होता, आणि पहिल्यांदाच त्या हरिचंद्रांना म्हणाल्या, “आज घरीच थांबता का?”

“थांबतो,” हरिचंद्र म्हणाले. “सांगून येतो फक्त.” मार्चअखेरची लांबलेली स्टॉकची मोजणी चालू होती, न सांगता थांबणं शक्य नव्हतं. मुलीला आईजवळ बसवून ते अंबरनाथला गेले आणि उभ्या उभ्या अर्ज लिहिला. वाक्य पाठच होतं: ‘माय वाइफ फेल इल.’

दौलतरावांनी या वेळी अर्ज वाचला. मग कपाटातून एक फाइल काढली आणि एकेक कागद टेबलावर मांडत गेले. एकोणीस अर्ज, एकोणीस सह्या. हा माणूस सगळं वाचत होता!

“सोनावणे, हे विसावं,” दौलतराव म्हणाले. “गेल्या वर्षी तुमच्या मेहुण्याच्या साखरपुड्याला मीही होतो. वहिनी नाचत होत्या. चांगल्या नाचत होत्या. मी कधी बोललो नाही, कारण सगळेच करतात. पण स्टॉक चालू असताना नाही. आज नाही.”

“साहेब, आज खरंच...”

“इंग्रजी तेच आहे हो. फरक कसा ओळखू?”

अर्ज टेबलावर सोडून हरिचंद्र बाहेर पडले. ते दिवसभर गोडाऊनमध्ये रंगाचे डबे मोजत राहिले. रंगाचा वास नेहमीचाच, पण त्या दिवशी डोळ्यांना झोंबत होता. एकोणीस वेळा बायकोला खोटं आजारी पाडलं, आणि विसाव्यांदा ती खरी पडली तेव्हा कोणी मानेना. तीही पडली ती आपल्या पत्रांपायी. स्वतःची एवढी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा चांगुणाबाई छताकडे बघत पडल्या होत्या. हरिचंद्र शेजारी खाली बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. एकोणीस आजार, साखरपुडा, फाइल, सगळं.

चांगुणाबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “एकोणीस वेळा? एकदा तरी मला सांगायचं. मीपण झोपून घेतलं असतं.”

आणि त्या हसल्या. हसताना कमरेत कळ आली, म्हणून कण्हल्या, आणि परत हसल्या. हरिचंद्रांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“घ्या कागद,” त्या म्हणाल्या. “मी सांगते तसं लिहा. आपलं शास्त्र आत ठेवायचं. पंप फेल गेला. पाणी नाय. माणूस पाठवा.”

“फेल कुठलं?”

“परीक्षेतलं! मुलीला विचारा, तिला गणितात रोज येतं ते.”

मुलीने निमूटपणे स्पेलिंग सांगितलं. हरिचंद्रांनी तीन ओळी लिहिल्या: ‘पंप फेल्ड. नो वॉटर. प्लीज सेंड मॅन.’ आयुष्यात एवढं बोडकं इंग्रजी त्यांनी लिहिलं नव्हतं. भारदस्त म्हणता येईल असा एक शब्द त्यात नव्हता. एखादं विशेषण घालायला हात शिवशिवत होता. चांगुणाबाईंनी कागद ओढून घेतला आणि मुलीच्या हाती देऊन तिला पत्रपेटीत टाकायला पाठवलं.

पाचव्या दिवशी, गॅरंटीचे दोन दिवस उरलेले असताना, हत्यारांची पिशवी खांद्याला लावून माणूस आला. किसन नाव, राहायला अंबरनाथच्या बुवापाड्यात. त्याने पंपाचं झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाला, “वाइंडिंग जळलीय. कंपनीचाच फॉल्ट. नवीन बसवतो.”

सगळी इमारत जिन्यात उभी होती. शंकररावांनी वही काढून नोंद केली. किसनने काम करता करता वर पाहिलं. “सोनावणे कोण तुमच्यात?”

“मी,” हरिचंद्र म्हणाले.

“साहेब, तुमची पहिली दोन पत्रं ऑफिसात बोर्डावर लावलीयत. कोणी नाराज असलं की वाचतात. टँकरवालं तर सगळ्यांना पाठ आहे.”

जिन्यात कोणीतरी खोकलं. रघुने तोंड फिरवलं. हरिचंद्रांनी शर्टाची कॉलर सारखी केली आणि म्हणाले, “वाचतात ना? झालं तर. ती दोन माझी. ज्या पत्रावर तुम्ही आलात, ते हिने सांगितलंय.” आणि त्यांनी वर, आपल्या दाराकडे बोट दाखवलं.

पंप सुरू झाला. गच्चीच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा बनूबाईंनी टाळ्या वाजवल्या. किसनने सहीसाठी रिपोर्ट पुढे केला. त्यावर कंपनीच्या छापील ओळीत होतं, ‘पंप फेल्ड.’ हरिचंद्रांनी ते तीनदा वाचलं, आणि मग वर जाऊन चांगुणाबाईंनाही दाखवलं. रविवारी ते चंदरच्या घरी हार घेऊन गेले, आणि माणसाला न घालता तो टँकरला घातला. चंदर विरघळला.

आणखी चार दिवसांनी चांगुणाबाई हिंडूफिरू लागल्या. स्टॉकही संपला होता. सोमवारी सकाळी हरिचंद्रांनी दौलतरावांच्या टेबलावर एक अर्ज ठेवला. एकच ओळ होती. दौलतरावांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला आणि परत वाचली: ‘माय वाइफ गॉट वेल.’

“बरी झाली,” दौलतराव म्हणाले. “आनंद आहे. पण मग रजा कशाला?”

“ती पडून होती तेव्हा मी इथे डबे मोजत होतो, साहेब,” हरिचंद्र म्हणाले. “आता बरी आहे तेव्हा तरी एक दिवस घरी असावं म्हणतो.”

दौलतरावांनी फाइल उघडली, एकोणीस अर्जांच्या वर तो विसावा, खरा अर्ज होता, त्याच्यावर हा ठेवला. मग पेन उचललं आणि दोन्हींवर सही केली.